लंडन किती तासांवर?

मुंबई ते लंडन सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. हा आकडा कधी बदलत नाही, म्हणूनच फ्लाइट डिस्पॅचरला त्याचा फारसा उपयोगही नसतो. उड्डाणाच्या काही तास आधी तो संगणकापुढे बसतो, तेव्हा त्याचा प्रश्न निराळा असतो: आज, या वाऱ्यात, एवढं वजन घेऊन कोणत्या वाटेनं जायचं?

रात्रपाळीला त्याच्या शेजारची खुर्ची मला मिळाली होती. पडद्यावर नकाशा आणि त्यावर वाऱ्याच्या खुणा. प्रत्येक खुणेच्या टोकाला रेघा: छोटी रेघ पाच नॉटची, लांब रेघ दहाची आणि भरीव त्रिकोण पन्नासचा. तुर्कस्तानावर ३४ हजार फुटांच्या पातळीला दोन त्रिकोण लागून होते. शंभर नॉट, म्हणजे ताशी १८५ किलोमीटरचा वारा, आणि तोही समोरून.

"हा जेट स्ट्रीम, सर. याच्या पोटातून गेलो तर मेलो," तो हसत म्हणाला आणि वाट थोडी बाजूला सरकवली. मैल वाढले, वेळ मात्र काही मिनिटांनी घटला.

पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे हे उंचावरचे वारे हिवाळ्यात जास्त जोर धरतात. त्यामुळे लंडनला जाताना दहा तासांच्या आसपास लागतात आणि येताना तासभर तरी वाचतो. २०१६च्या ऑक्टोबरमध्ये एअर इंडियानं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं. वाट सुमारे चौदाशे किलोमीटरनं लांबली, पंधरा हजारांच्या पुढे गेली; पण वारा पाठीशी असल्यानं विमान साडेचौदा तासांत पोचलं, म्हणजे नेहमीपेक्षा लवकर.

आकाश बंद असेल तर मात्र वाऱ्याची मदत पुरत नाही. २०२२मध्ये रशियाचं आकाश बंद झाल्यावर फिनएअरची हेलसिंकी–टोकियो विमानं उत्तर ध्रुवावरून जाऊ लागली. साडेनऊ तासांचा प्रवास तेराच्या घरात गेला.

वाट ठरली की इंधनाचा हिशेब सुरू होतो. प्रवासापुरतं इंधन, अंदाज चुकला तर म्हणून साधारण त्याच्या पाच टक्के, लंडनला उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं आणि शेवटी अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं, ज्याला सहसा हात लावायचा नाही. मग वाटेल तेवढं भरून का ठेवत नाहीत? कारण इंधनालाही वजन असतं. एवढ्या लांबच्या प्रवासात जादा इंधनाचा पाव हिस्सा तरी ते स्वतःलाच वाहून नेण्यात जळतो. तरीही हवामान पाहून कॅप्टन आणखी टनभर मागू शकतो, आणि अशा वेळी डिस्पॅचर हुज्जत घालत नाही.

वेळापत्रकातला वेळ यापेक्षाही निराळा. चाकांमागचे अडसर काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. लंडनला हीथ्रोवर उतरण्याआधी अनेकदा आकाशात गोल फिरत थांबावं लागतं. कंपन्या हे सगळं मागच्या हंगामांच्या अनुभवावरून धरून चालतात. वैमानिक 'आपण वीस मिनिटं लवकर पोचलो' असं सांगतो तेव्हा विमान वेगात आलेलं असेलच असं नाही. बऱ्याचदा ती वीस मिनिटं वेळापत्रकातच राखून ठेवलेली असतात.