जनावराच्या अंगातले राखणदार

पावसाळ्याच्या तोंडाशी घटसर्प येतो. संध्याकाळी म्हैस बरी असते. सकाळी पाहावे तर वैरणीला तोंड लावलेले नसते. अंग तव्यासारखे तापलेले असते. लाळ गळते, गळा सुजतो, श्वास घुरघुरतो. पुष्कळदा एकदोन दिवसांत दावे रिकामे होते. गाईबैलांनाही हा रोग होतो, पण म्हशी आणि रेडके यांना तो जास्त मारतो. (लहान मुलांच्या घशाच्या एका रोगालाही आपण घटसर्पच म्हणतो. तो रोग निराळा.)

हा कुणाचा कोप नव्हे. हा रोग जंतूमुळे होतो. जंतू म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारा बारीक जीव. गंमत अशी, की काही धडधाकट जनावरांच्या घशातही हा जंतू मुकाट्याने राहत असतो. मग ती जनावरे आजारी का पडत नाहीत? कारण त्यांच्या अंगात राखणदार आहेत.

कातडी हे पहिले कुंपण. नाकाघशातला चिकट शेंबूड हे दुसरे. त्यात जंतू अडकतात. कुंपण ओलांडून जंतू आत शिरलाच, तर रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्याला गिळतात. बैलाचा खांदा सोलवटला की तिथे सूज येते, जागा गरम लागते, पू होतो. तो पू म्हणजे बराचसा या लढाईत मेलेल्या पेशींचा गाळ. तापही शरीर स्वतःच आणते. अंग तापले की राखणदारांना जोर येतो. गाईच्या अंगाची उष्णता एरवी १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. घटसर्पात ती १०४ च्या वर, कधी १०७ पर्यंतही चढते.

हे झाले धावते राखणदार. दुसरे राखणदार सावकाश तयार होतात, पण ते फार नेमके. जनावराच्या खांद्यापुढे आणि मांडीपुढे कातडीखाली गाठी असतात. तशा आतही पुष्कळ असतात. तिथल्या पेशी जंतूची ओळख पटवून घेतात आणि त्याच्यापुरताच एक पदार्थ तयार करून रक्तात सोडतात. त्याला प्रतिद्रव्य म्हणतात. एका रोगाचे प्रतिद्रव्य दुसऱ्या रोगाला सहसा चालत नाही. किल्ली ज्या कुलपाची त्यालाच लागते, तसेच हे.

घटसर्पात या प्रतिद्रव्याचे मोल फार. कारण या जंतूच्या अंगावर बुळबुळीत वेष्टन असते. पांढरी पेशी त्याला धरू जाते आणि तो निसटतो. नदीचा मासा हातातून निसटतो ना, तसा. पण आपल्या बायका काय करतात? माशाला राख लावतात. मग तो हातात बसतो. प्रतिद्रव्य हीच ती राख. ते जंतूला चिकटले की पांढऱ्या पेशीला त्याला पकडून गिळता येते.

आता खरी अडचण ऐका. नवा जंतू ओळखून पुरेसे प्रतिद्रव्य करायला शरीराला एकदोन आठवडे लागतात. घटसर्प एकदोन दिवसांत मारतो. राख येईपर्यंत मासा पसार! त्यातून उन्हाळ्यात जनावर अर्धपोटी राहिलेले. वर पहिला पाऊस अंगावर, आणि मागे नांगर. असे जनावर थकले की राखणदारही थकतात, आणि घशात दबून राहिलेला जंतू उचल खातो.

मग उपाय काय? राखणदारांना शत्रूचे तोंड आधीच दाखवून ठेवायचे. लस म्हणजे तेच. फ्रान्समध्ये लुई पाश्चर या शास्त्रज्ञाने १८८१ साली हे भर लोकांत दाखवले. रोग होता काळपुळी. त्याने मे महिन्यात २४ मेंढ्या, १ शेळी आणि ६ गाईबैल यांना दोनदा लस टोचली. ३१ मे रोजी त्यांना, आणि तितक्याच बिनलशीच्या शेळ्यामेंढ्या व ४ गाईंना, जहाल जंतू टोचले. २ जूनच्या रात्रीपर्यंत बिनलशीची सारी शेळीमेंढी मेली. बिनलशीच्या गाई मेल्या नाहीत, पण सुजल्या आणि तापाने फणफणल्या. लस टोचलेल्या गाईबैलांना काहीच झाले नाही. पुढे घटसर्पाच्या जंतूला शास्त्रज्ञांनी याच पाश्चरचे नाव दिले.

घटसर्पाच्या लशीत मारलेले जंतू असतात. ते रोग करू शकत नाहीत, पण गाठीतल्या पेशी त्यांच्यावरून ओळख शिकतात. शिकायला दोनतीन आठवडे जातात. म्हणून लस मृगाच्या आधी, मे महिन्यातच टोचून घ्यावी. गावात साथ आल्यावर दवाखान्याकडे धावणारे पुष्कळ. तेव्हा टोचलेल्या एखाद्या जनावराच्या अंगात रोग आधीच शिरलेला असतो. ते दोन दिवसांनी मरते आणि बोल लशीला लागतो.

“गेल्या साली टोचलं व्हतं की!” असेही आम्ही ऐकतो. पण राखणदारांची ही आठवण कायमची नसते. लशीच्या जातीप्रमाणे ती काही महिने ते सुमारे वर्षभर पुरते. म्हणून दर साली टोचायची. टोचल्या जागी थोडी गाठ येते, एखाद दिवस अंग कोमट होते, दूध थोडे आटते. राखणदार कामाला लागल्याची ती खूण आहे. दोन दिवसांच्या थोड्या दुधासाठी सबंध म्हैस पणाला लावणे हा हिशेब आम्हांला तरी पटत नाही. गाभण जनावराचे मात्र डॉक्टरांना आधी सांगावे.

आणि रोग लागलाच तर? ताप चढताच डॉक्टरांना बोलवावे. जंतू मारणारी औषधे तेव्हा उपयोगी पडतात. गळा सुजून घुरघुर लागली की जनावर क्वचितच वाचते. गळ्याला डाग देऊन तर काहीच होत नाही. आजारी जनावर वेगळे बांधावे, त्याचे दाणापाणी वेगळे ठेवावे. मेलेले जनावर ओढ्यात टाकू नये, खोल पुरावे.

वासराची गोष्ट निराळी. गाईच्या पोटात असताना त्याला आईची प्रतिद्रव्ये मिळत नाहीत. ती सगळी चिकात उतरतात. चिकातून ती वासराच्या रक्तात जातात, पण ही वाट जन्मल्यानंतर तासातासाने अरुंद होत जाते आणि दिवसाभरात बंद पडते. वार पडेपर्यंत वासराला पिऊ न देण्याची चाल कित्येक घरांत आहे. ती मोडावी. वासरू उभे राहिले की लगेच, पहिल्या दोन तासांतच, ते आचळाला लावावे. २५ किलोच्या वासराला पहिल्या दिवसात अडीच लिटर तरी चीक पोटात जायला हवा. त्याचे पोट भरून जो उरेल, त्याचा खरवस.