नवशिक्या विद्यार्थ्यांचा धावण्याचा वेग

नांदेड व लातूर जिल्ह्यांत पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणारे तरुण पहाटे रस्त्यांवर धावताना दिसतात. त्यांचे पाहून पाचवी-सहावीतील मुलेही धावू लागतात. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु शालेय क्रीडास्पर्धा पंधरा दिवसांवर आल्या, की पुष्कळदा पहिल्याच दिवशी मुलास सर्व शक्तीनिशी पळविले जाते. चार दिवसांत नडगी किंवा टाच दुखू लागते, आणि ‘धावणे हे आपले काम नव्हे’ अशी समजूत करून घेऊन ते मूल मैदान सोडते. दोष मुलाच्या पायांत नसतो. तो घाईत असतो.

या घाईने अपाय का होतो, हे शिक्षकांनी प्रथम समजून घेणे अगत्याचे आहे. नियमित सरावाने हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच अधिक काम करू लागतात आणि दम टिकतो. हाडे आणि स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या कंडरा यांना मात्र बळकट होण्यास अनेक महिने लागतात. म्हणजे दम वाढला तरी पाय तयार झालेले असतातच असे नाही. शिवाय वाढत्या वयात हाडांच्या टोकांजवळचा भाग कोवळा असतो. त्यावर वारंवार ताण पडल्यास टाच किंवा गुडघा दुखतो. अशा दुखण्याला ‘आळस’ म्हणणे हा मुलावर अन्याय होय.

वेग किती सावकाश वाढतो, याचे उत्तम उदाहरण मराठवाड्यातच आहे. लातूरशेजारच्या बीड जिल्ह्यातील मांडवा या गावचे अविनाश साबळे लहानपणी काही किलोमीटर चालत-धावत शाळेत जात. पुढे ते सैन्यात दाखल झाले आणि तेथेच त्यांनी स्पर्धात्मक धावण्यास आरंभ केला. ३००० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत २०१८ साली त्यांनी ८ मिनिटे २९.८० सेकंद ही वेळ नोंदवून ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळविले, आणि २०२४ साली पॅरिस येथे ८ मिनिटे ०९.९१ सेकंद ही वेळ दिली. जागतिक दर्जाच्या धावपटूस सुमारे २० सेकंद कमी करावयास सहा वर्षे लागली. मग बारा वर्षांच्या मुलाकडून पंधरवड्यात चमत्काराची अपेक्षा का करावी?

सरावाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा. पहिले चार आठवडे आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड धावावे. आरंभी पाच मिनिटे झपझप चालावे. नंतर एक मिनिट धावणे व दोन मिनिटे चालणे, असे सहा ते आठ वेळा करावे. वेग योग्य आहे की नाही हे पाहण्यास घड्याळ नको. धावता धावता मुलाला सातचा पाढा म्हणता आला, तर वेग योग्य आहे. ‘सात त्रिक’ म्हणतानाच धाप लागली, तर तो कमी करावा. हळूहळू चालण्याचा वेळ घटवीत सलग पंधरा मिनिटे सावकाश धावता येईल येथवर यावे. एका आठवड्यातील एकूण अंतर मागील आठवड्याच्या मानाने साधारण दहाव्या हिश्श्याहून अधिक वाढवू नये.

पाचव्या आठवड्यापासून एका दिवशी सावकाश धावणे संपल्यावर ६० मीटर अंतर चार वेळा चपळाईने, परंतु सारा जोर न लावता धावावे व चालत परत यावे. पावले आखूड व जलद पडावीत, पाऊल शरीराखाली टेकावे, खांदे सैल असावेत. आठव्या आठवड्यानंतर आठवड्यातून एक दिवस २०० मीटरच्या चार फेऱ्या घ्याव्यात. दोन फेऱ्यांमध्ये पूर्ण दम घेईपर्यंत चालावे. चारही फेऱ्यांना सारखाच वेळ लागला पाहिजे. पहिली फेरी सुसाट आणि चौथी लंगडत, असे झाल्यास वेगाचा अंदाज चुकला असे समजावे.

स्थळ-काळाचाही विचार हवा. वर्दळीच्या रस्त्यावर मुलांस धावू देऊ नये. काळी जमीन पावसात निसरडी होते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून मुरूम टाकून सपाट केलेले मैदान उत्तम. अनवाणी मुले असल्यास खडे-काटे आधी वेचून घ्यावेत. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो; त्या काळात धावणे अगदी सकाळीच उरकावे आणि आधी व नंतर पाणी पाजावे. चक्कर, मळमळ, डोकेदुखी किंवा असंबद्ध बोलणे दिसताच मुलाला सावलीत नेऊन अंगावर पाणी शिंपडावे, वारा घालावा आणि विनाविलंब आरोग्य केंद्र गाठावे. धावताना छातीत दुखले किंवा भोवळ आली, तर डॉक्टरांच्या तपासणीवाचून त्या मुलास पुन्हा धावावयास लावू नये. एकाच जागी सतत दुखत असेल, तर दुखणे पूर्ण थांबेपर्यंत विश्रांती द्यावी.

प्रत्येक मुलाची एक वही असावी. तीत अंतर, वेळ आणि ‘कोठे दुखले काय’ या तीन गोष्टी लिहाव्यात. त्यातून गणिताचाही अभ्यास होतो : साबळे यांच्या बर्मिंगहॅममधील वेळेवरून एका किलोमीटरला सुमारे २ मिनिटे ४४ सेकंद पडतात, हे सहावीच्या मुलांना काढता येईल. स्वतःची वेळ याच रीतीने मांडली, की मूल दुसऱ्याशी नव्हे, तर आपल्याच मागील महिन्याशी तुलना करू लागते.

स्पर्धेची तारीख कळताच बारा आठवडे मागे मोजावेत व त्या दिवशी सरावास आरंभ करावा. तेवढे दिवस हाती नसतील, तर मुलास आनंदाने भाग घेऊ द्यावा. वेगाचा आग्रह मात्र पुढील वर्षावर ठेवावा.