तोंड उघडून दिलेला पुरावा

गोंदियाजवळचं बिरसी आज विमानतळामुळे ओळखलं जातं. या पट्ट्यातली दुसरी ओळख पानठेल्यावर दिसते: सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा. त्यामुळे इथल्या दंतवैद्याकडे किडलेल्या दाताइतकेच आणखी तीन प्रश्न येतात. तोंड पुरतं उघडत नाही, गालात पांढरा चट्टा आहे, जिभेच्या कडेची जखम भरत नाही. यावर काय करायचं, हे सत्तर वर्षांच्या अभ्यासातून हळूहळू कळत गेलं.

1952 साली श्वार्ट्झ यांनी पूर्व आफ्रिकेतल्या पाच भारतीय स्त्रियांची आखडलेली तोंडं नोंदवली. पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी या आजाराला ‘सबम्युकस फायब्रोसिस’ हे नाव दिलं. कारण मात्र ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षं संशय तिखटावरही होता.

मग संशोधक गावोगाव गेले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता, त्यांचे सहकारी आणि डॅनिश तज्ज्ञ येन्स पिंडबोर्ग यांनी पुणे जिल्ह्यातल्या 1,01,761 खेडुतांची तोंडं तपासली. तो अभ्यास 1972 साली छापून आला. 1986 साली याच परंपरेतला, केरळ, आंध्र आणि गुजरातमधल्या 36,000 तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नीट समजावलं की माणसं तंबाखू सोडतात आणि चट्टेही कमी होतात, हे त्यातून दिसलं. सल्ला देणं हाही उपचार आहे, हे तेव्हा सिद्ध झालं.

‘तंबाखू नाही, नुसती सुपारी खातो’ हा दिलासा 2004 साली संपला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नुसती सुपारीही कर्करोगकारक ठरवली. 2005 साली तिरुवनंतपुरमच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघरी जाऊन उजेडात तोंड पाहिलं, एवढ्यानेच तंबाखू किंवा दारूचं व्यसन असलेल्यांमधले मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटले.

2012 साली महाराष्ट्रात गुटखाबंदी झाली, पण खर्रा पानठेल्यावर घोटला जातच राहिला. 2015 साली मुंबईच्या टाटा मेमोरियलमधून डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या चमूने एक जुना वाद मिटवला. तोंडाचा कर्करोग लवकर सापडला आणि मानेत गाठ लागत नसली, तर मानेच्या ग्रंथी तेव्हाच काढायच्या की गाठ दिसेपर्यंत थांबायचं? तेव्हाच काढलेल्यांपैकी 80 टक्के रुग्ण तीन वर्षांनी हयात होते; थांबलेल्यांपैकी 67.5 टक्के.

पुराव्याने काही सवयींवर प्रश्नचिन्हही लावलं. पांढऱ्या चट्ट्यावर जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊन रुग्णाला घरी पाठवण्याची पद्धत जुनी आहे. गोळ्यांनी चट्टा फिका पडू शकतो, पण त्यामुळे कर्करोग टळतो हे आजवरच्या चाचण्यांतून सिद्ध झालेलं नाही. म्हणून चट्ट्याचा तुकडा तपासणं आणि रुग्णाला पुन्हापुन्हा बोलावणं महत्त्वाचं ठरतं. टोचणारा दात घासून दिल्यावरही दोन आठवड्यांत जखम भरली नाही, तर बायोप्सी, म्हणजे जखमेचा तुकडा काढून तपासणी, करावीच. ‘सुरी लागली की रोग पसरतो’ ही भीती आपल्याकडे खोल रुजली आहे आणि तिच्यापायी लोक मोलाचे महिने घालवतात.

आज राष्ट्रीय कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकाचं तोंड तपासायचं ठरलेलं आहे. आशाताई घरी येऊन व्यसनाची आणि तोंडातल्या जखमेची विचारपूस करतात. 2016 पासून गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. म्हणजे ज्ञानही आहे आणि वाटही आहे.

हा पुरावा पुण्याच्या, केरळच्या, आंध्रच्या, गुजरातच्या साध्या माणसांनी तोंड उघडून दिला आहे. बिरसीच्या माणसाला त्याचा उपयोग व्हायचा, तर आता त्याने तोंड उघडायला हवं. खर्रा खात असाल तर आज सोडा. आणि तोंडातली जखम दोन आठवडे टिकली, तर तिसऱ्या आठवड्याची वाट पाहू नका.