‘फेटाळलेला’ दावा आणि ‘काढून टाकलेला’ दावा

महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्यांनी येऊ नये, यासाठी काही सवर्णांनी १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर प्रभृतींविरुद्ध दिवाणी दावा लावला. साक्षीपुरावा होऊन १९३१ मध्ये तो फेटाळला गेला. पूर्वापार वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही तोच निर्णय कायम केला. याच जिल्ह्यातील श्रीवर्धनच्या एखाद्या नारळी-पोफळीच्या वाडीचा दावा मात्र निराळ्या रीतीने संपू शकतो. ताब्यासाठी भांडणारा वादी चाकरीनिमित्त मुंबईस असतो. पुकाऱ्याच्या वेळी तो नसतो, त्याचा वकीलही नसतो. रोजनाम्यात दोन ओळी लिहिल्या जातात आणि प्रकरण संपते. लोक दोहोंनाही ‘डिसमिस झाला’ असेच म्हणतात.

कायदा हे दोन शेवट एक मानीत नाही. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेने ‘हुकूमनामा’ या संज्ञेची व्याख्या करताना गैरहजेरीमुळे दावा काढून टाकण्याचा आदेश तीतून स्पष्टपणे वगळला आहे; कारण येथे वाडी कोणाची, याचा निवाडा झालेलाच नसतो.

शब्दांची घडणही पाहण्याजोगी आहे. नारदस्मृतीत वादात हीन ठरणाऱ्या पाच प्रकारांत ‘नोपस्थाता’, म्हणजे उपस्थित न राहणारा, येतो. तेथे दोष माणसाचा. उत्तरेकडील न्यायालयांत ‘अदम पैरवी’ रूढ आहे. ‘अदम’ म्हणजे अभाव, आणि ‘पैरवी’च्या मुळाशी फारसी ‘पै’, म्हणजे पाऊल. दाव्यामागे कोणी चालले नाही, एवढेच तो शब्द सांगतो. मराठी ‘काढून टाकणे’ यात कर्ता न्यायालय, वस्तू दावा. वादी वाक्यातूनही गैरहजर! तरीही ‘फेटाळणे’ या शब्दाहून तो अधिक नेमका आहे, कारण फेटाळण्यापूर्वी ऐकावे लागते.

उभय पक्ष गैरहजर असल्यास संहितेच्या नवव्या आदेशानुसार, मुदत उरली असेल तर, नवा दावा लावता येतो. प्रतिवादी हजर असून त्याने मागणी नाकारली असेल, तर मात्र त्याच कारणावर पुन्हा दावा लावता येत नाही. पुरेसे कारण दाखवून मूळ दावा पुन्हा दाखल करून घ्यावा, असा अर्ज तेवढा करता येतो. १९६३ च्या मुदत कायद्याप्रमाणे त्याला तीस दिवस मिळतात. प्रक्रियेचे नियम शिक्षेसाठी नाहीत, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या १९५५ च्या संग्रामसिंह प्रकरणात न्या. व्हिव्हियन बोस यांनी मांडली. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९८१ च्या रफीक प्रकरणात तर वकिलाच्या चुकीची झळ निरपराध पक्षकारास लागू नये, असे त्याच न्यायालयाने ठरविले.

अर्ज नामंजूर झाला, तरी हक्क नाहीसा झाला असे नव्हे. तो मागण्याची वाट तेवढी बुजते. उद्या त्याच वाडीबद्दल प्रतिपक्षाने दावा लावला, तर काल गैरहजर राहिलेला वादी आपली मालकी बचाव म्हणून पुढे मांडू शकतो.