खंडीचा भाव आणि ई-इन्व्हॉइस

समजा, अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या पश्चिम काठाला, रुईच्या व्यापाऱ्याची पेढी आहे. बिले निघतात ती कुणी पूर्वी लिहून दिलेल्या सॉफ्टवेअरमधून. उलाढाल ५ कोटींच्या वर गेलेली. म्हणजे १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला केलेल्या करपात्र विक्रीचे प्रत्येक बिल केंद्रीय ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवणे आले. त्यासाठी जुने सॉफ्टवेअर फेकायची गरज नाही.

पोर्टलला ठरलेल्या साच्यातली जेसन फाइल लागते. जुन्या सॉफ्टवेअरमधून बिले एक्सेलमध्ये काढायची आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) मोफत एक्सेल साधनात भरायची. ते फाइल बनवून देते, आपण ती पोर्टलवर चढवायची. विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, दस्तऐवजाचा प्रकार, बिल क्रमांक आणि आर्थिक वर्ष यांवरून ६४ अक्षरांचा बिल-संदर्भ क्रमांक (आयआरएन) तयार होतो. सोबत मिळालेला क्यूआर कोड बिलावर छापायचा. विक्रीच्या विवरणपत्रात, म्हणजे जीएसटीआर-१ मध्ये, ते बिल आपोआप जाते.

घोडे अडते ते मोजमापावर. रुईचा भाव बोलतात खंडीला, म्हणजे साधारण ३५६ किलोला. माल जातो गाठींनी. पोर्टलच्या एककांच्या यादीत गाठ आहे, किलो आहे, खंडी नाही. खंडीला ५५,००० भाव असेल तर किलोला १५४.४९४ रुपये पडतात. १७,००० किलोंची रक्कम खंडीच्या हिशेबाने २६,२६,४०४.४९ आणि या किलोदराने २६,२६,३९८ येते. फरक साडेसहा रुपयांचा. वजन, दर आणि रक्कम एकमेकांशी जुळायला हवीत. म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्येच बिल किलोत करावे. खंडीचा भाव हवा तर शेऱ्यात लिहावा. मुनीमजींना हे रुचणार नाही, पण रोज हाताने आकडे दुरुस्त करण्यापेक्षा बरे.

मग खातेदारांची यादी तपासावी. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, मध्य प्रदेश २३. माल मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला पाठवला तर आंतरराज्य विक्रीचा आयजीएसटी लागतो. बिल क्रमांक १६ अक्षरांच्या आत असावा आणि शून्याने सुरू होऊ नये. ‘००४५’ चालत नाही.

सुरुवातीला दोन-चार बिलेच चढवून पाहा. चूक निघाली तर पोर्टलवरचे बिल २४ तासांत रद्द करता येते, नंतर क्रेडिट नोट काढावी लागते. रद्द केलेला बिल क्रमांक त्या वर्षात पुन्हा वापरता येत नाही.