क्षणार्धाचा प्रकाश व नेत्ररक्षण

सर्व इंद्रियांत डोळा श्रेष्ठ मानला जातो, आणि तोच सर्वांत नाजूकही आहे. अशा ह्या डोळ्यावर हल्ली वैद्य लेझरच्या प्रखर किरणांनी उपचार करतात, हे ऐकून पुष्कळ पालकांच्या मनात भय उत्पन्न होते. ज्या किरणाने पोलाद कापता येते, तो डोळा भाजून काढणार नाही काय, असे विद्यार्थीही आम्हांस विचारतात. प्रश्न अगदी योग्य आहे. त्याचे उत्तर किरण किती बळाचा आहे ह्यात जितके आहे, तितकेच तो किती वेळ पडतो ह्यात आहे. ह्या दुसऱ्या गोष्टीकडे सामान्यतः कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून तिचाच विचार आम्ही येथे करीत आहोत.

प्रथम उष्णतेचा स्वभाव पाहू. निरांजनाच्या ज्योतीवरून हात झटकन फिरविला असता भाजत नाही. तोच हात तेथे क्षणभर अधिक राहिला तर फोड येतो. ज्योत तीच, हातही तोच. भेद काय तो काळाचा. आपल्या धाडच्या शिवारातील दृष्टांत घ्यावयाचा तर पाटाच्या पाण्याचा घ्यावा. दारे धरणारा मनुष्य एक वाफा भरताच पाणी वेळीच दुसरीकडे वळवितो. त्याने डुलकी घेतली तर वाफा फुटतो आणि शेजारच्या पिकाची हानी होते. उष्णतेचेही असेच आहे. जेथे प्रकाश शोषला जातो तेथे ती उत्पन्न होते, आणि मग हळूहळू शेजारी झिरपते.

हे झिरपणे किती वेगाने होते, ह्याचे गणित करता येते. डोळ्यातील बहुतेक भाग पाण्याने भरलेले आहेत. पाण्यात उष्णतेस एक मिलिमीटर अंतर पसरावयास सुमारे २ सेकंद लागतात. अंतर दहापट कमी केले तर वेळ शंभरपट कमी होतो. म्हणजे एक-दशांश मिलिमीटरास सेकंदाचा पन्नासावा भाग, आणि एक-शतांश मिलिमीटरास सेकंदाचा पाच हजारावा भाग पुरतो. तेवढ्या अवधीच्या आत प्रकाश थांबविला, तर उष्णता आपल्या जागीच बहुतेक कोंडून राहते. १९८३ साली अँडरसन व पॅरिश ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी हेच तत्त्व त्वचेच्या उपचारासंबंधाने स्पष्ट मांडले.

आता डोळ्याकडे वळू. डोळ्याच्या मागील बाजूस दृष्टिपटल नावाचा पातळ पडदा असतो. त्यावर बाह्य जगाचे चित्र उमटते. १९४५ च्या सूर्यग्रहणाकडे उघड्या डोळ्यांनी पाहणाऱ्यांचे दृष्टिपटल भाजलेले पाहून मायर-श्विकेराथ ह्या जर्मन नेत्रवैद्याच्या मनात आले की, जो प्रकाश अपाय करतो तोच मोजून दिल्यास उपाय का होऊ नये? त्याने आरशांनी सूर्यप्रकाश आत सोडून दृष्टिपटलाची छिद्रे सांधण्याचा प्रयोग केला. पुढे १९६० साली मेमन ह्या अमेरिकन शास्त्रज्ञाने पहिला लेझर निर्माण केला, आणि वैद्यांच्या हाती सूर्याहून अधिक आज्ञाधारक असा प्रकाश आला.

मधुमेहात दृष्टिपटलावरील बारीक रक्तवाहिन्या बिघडतात. तेथे लेझरचे सूक्ष्म ठिपके देऊन रोगाची वाढ रोखतात. पूर्वी प्रत्येक ठिपका सेकंदाचा सुमारे एक-दशांश भाग देत असत. तेवढ्या वेळात उष्णता आजूबाजूच्या निरोगी थरांत शिरे व रुग्णास वेदनाही होत. पुढे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचे ठिपके देणारी यंत्रे आली, आणि हा त्रास पुष्कळ कमी झाला. आणखी एका पद्धतीत प्रकाश तुटक सोडतात: सेकंदाचा दहा हजारावा भाग चालू, आणि त्याच्या एकोणीसपट वेळ बंद. ह्या विश्रांतीत तापलेला थर निवतो, आणि दृष्टिपटलावर भाजल्याची खूणही उमटत नाही.

मात्र अवधी कमी केला की काम झाले, असे कोणी समजू नये. थोड्या वेळात तेच कार्य साधावयाचे तर बळ वाढवावे लागते. आणि ते प्रमाणाबाहेर गेले तर आतील पाण्याची वाफ होऊन बारीक स्फोट होतो व रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणून बळ व काळ ह्या दोहोंचा मेळ घालणे हेच वैद्याचे खरे कौशल्य होय.

चष्म्याचा नंबर घालविण्याच्या शस्त्रक्रियेत हा मेळ फारच सूक्ष्म होतो. मद्रासेत जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन व त्यांचे सहकारी ब्लम आणि विन ह्यांना १९८१ साली अमेरिकेत असे आढळले की, एक्सायमर लेझरच्या अतिनील किरणांनी प्राण्याच्या पेशींचा थर आजूबाजूस न भाजता स्वच्छ निघून येतो. ह्या लेझरचा एकेक ठोका सेकंदाच्या कोट्यंश भागाहूनही कमी काळ टिकतो व डोळ्याच्या पुढील पारदर्शक पटलाचा मिलिमीटराच्या हजाराव्या भागाहूनही पातळ थर काढतो. लागोपाठचे ठोके एकाच जागी पडून उष्णता साचू नये, म्हणून यंत्र ते निरनिराळ्या ठिकाणी टाकते. ह्याहूनही अल्पकाळ टिकणारे, पण बळकट ठोके निर्माण करण्याची युक्ती डॉना स्ट्रिकलंड व जेरार मूरू ह्यांनी १९८५ साली शोधली. त्याबद्दल त्यांस २०१८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते ठोके फेम्टोसेकंदांत मोजतात. एक सेकंद तीन कोटी वर्षांएवढा ताणला, तर एक फेम्टोसेकंद जेमतेम एका सेकंदाएवढा होईल!

काळाचा हा लगाम सुटला म्हणजे काय होते, हे आपल्या महाराष्ट्राने पाहिले आहे. कोल्हापुरात २०२२ साली व नाशिकात २०२३ साली गणेश विसर्जनाच्या मिरवणुकींत लेझरच्या झोतांनी अनेकांच्या डोळ्यांस इजा झाली, आणि २०२४ साली पुण्याच्या पोलिसांनी अशा झोतांवर बंदी घातली. प्रखर प्रकाश पडताच पापणी मिटते खरी. परंतु मिटावयास तिला सुमारे पाव सेकंद लागतो. प्रबळ लेझर त्याच्या आतच आपले काम उरकतो. म्हणून मिरवणुकीतील झोताकडे किंवा जत्रेतील लेझर बॅटरीच्या तोंडाकडे मुलांनी कधीही पाहू नये. खेळातही ती कोणाच्या डोळ्यावर रोखू नये.

पालकांसही एक विनंती आहे. घरात कोणास मधुमेह असेल तर नीट दिसत असतानाही वर्षातून एकदा नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटलाची तपासणी करवून घ्यावी. लेझर उरलेली दृष्टी राखतो. गेलेली बहुधा परत आणीत नाही. यंत्राने सेकंदाचा दहा हजारावा भाग सांभाळला, तरी आपण दवाखान्यात जावयास वर्ष लावले, तर त्या सूक्ष्म हिशेबाचा उपयोग काय?