असं का होतं? : पुस्तकातला कोड चालेनासा का होतो?

पार्ल्याच्या संघवी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या एखाद्या मुलाने सीनियरकडून युनिटी या गेम इंजिनाचं जुनं पुस्तक घेतलं, कोड जसाच्या तसा टाइप केला, तरी पडद्यावर लाल ओळी येतात. चूक बहुधा त्याची नसते, लेखकाचीही नसते.

उडी, टक्कर, प्रकाश यांचं गणित गेम इंजिनात तयार असतं. आपला कोड त्या कामांना फक्त नावाने हाक मारतो, आणि ती नावं बदलतात. डिसेंबर २०२३ मध्ये दादरला मध्य रेल्वेचा फलाट १ हा ८ झाला. गाडी तीच, पाटी बदलली. गेम इंजिनातही असंच होतं. वस्तूचा वेग सांगणारं युनिटीतलं 'व्हेलॉसिटी' हे नाव २०२४ च्या युनिटी ६ मध्ये 'लिनिअर व्हेलॉसिटी' झालं, कारण गोल फिरण्याचा वेग वेगळा असतो.

अशी काही नावं युनिटी स्वतःच बदलून देतं. खरी पंचाईत होते ती पद्धत बदलल्यावर. गोडो या दुसऱ्या इंजिनाच्या २०२३ च्या चौथ्या आवृत्तीत पात्र हलवणाऱ्या आज्ञेला वेग हाती देणंच बंद झालं. तो आधी वेगळा नोंदवावा लागतो. तिथे लेखकाला अख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागतं.

छापलेलं पान दुरुस्त होत नाही. म्हणून पॅक्टसारखे प्रकाशक कोड गिटहब या संकेतस्थळावर ठेवतात आणि नव्या आवृत्त्या काढतात.

तुम्ही एवढंच करा: पुस्तकात इंजिनाची कोणती आवृत्ती वापरली आहे ते पाहा, युनिटी असेल तर युनिटी हब या अ‍ॅपमधून तीच उतरवा आणि पुस्तक संपेपर्यंत अपडेट करू नका.